मावशीचे सतरा बार

माझी मावशी मेलेल्या माणसांच्या लिखाणातल्या चुका काढायची, आणि त्यावर तिचं पोट चालत नसे. पोट काकांच्या दवाखान्यावर चालायचं. काका दातांचे डॉक्टर.

"तुमची मावशी करते काय?" असं कुणी विचारलं की आमच्या घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आई म्हणायची, "संगीतातलं काहीतरी." काका म्हणायचे, "एका म्हाताऱ्याची सेवा करते. तो अडीचशे वर्षांपूर्वी वारलाय, त्यामुळे पथ्यपाण्याचा त्रास नाही." मी वकील, म्हणून नेमकं सांगायला जायचे, "जुन्या संगीतकारानं खरोखर काय लिहिलं होतं ते हस्तलिखितं ताडून ठरवते आणि छापते." एवढं बोलेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असे.

तरुणपणी ती वाद्यवृंदात व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं भरलेली, आवाजानं खालची, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच सगळं काम करून फोटोत मागे उभी राहणारी. या वाद्याला वाजवायचं थोडं आणि थांबायचं फार. इतर व्हायोलावाले त्या वेळात जांभया देत. मावशी समोरचा छापील कागद वाचत बसायची, आणि वाचता वाचता तिला त्यात चुका दिसायला लागल्या.

"हा स्वर म्हाताऱ्यानं लिहिलेला नाही," एकदा ती भर तालमीत म्हणाली.

"छापलाय की!" वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले.

"छापलं म्हणून खरं झालं का? माझ्या लग्नपत्रिकेत माझं वयसुद्धा छापलं असतं तर ते खरं धरलं असतं का तुम्ही?"

तिचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, पण मुद्दा निरुत्तर करणारा होता. सुट्टीच्या दिवशी ती जुन्या कागदांच्या संग्रहालयात गेली, मूळ हस्तलिखित मागवून घेतलं आणि पाहिलं, तर खरंच तो स्वर तिथं नव्हता. तो घातला होता शंभर वर्षांपूर्वीच्या एका मिशाळ प्रोफेसरांनी. म्हाताऱ्याचं संगीत पहिल्यांदा छापलं त्यांनी, आणि छापताना त्यांना ते जरा साधं वाटलं असावं. जिथं म्हाताऱ्यानं एक सूर लांबवला होता तिथं त्यांनी चार मुरक्या घातल्या. जिथं शांतता होती तिथं ढोल घातला. मावशीनं त्या दिवसापासून प्रोफेसरांशी उभा दावा मांडला. पुढची तीसेक वर्षं ती मुरक्या काढत होती. ती अधूनमधून शिकवायला जायची त्या संगीत विद्यालयात तिला मागून 'खोडरबर' म्हणायचे. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काकांची आणि तिची गाठ पडली ती दवाखान्याच्या खुर्चीत. ती तोंड उघडून आडवी, आणि काका तिची दाढ कोरताना गुणगुणत होते. काकांच्या गळ्यात सूर औषधालाही नाही. तिच्या तोंडात यंत्र, त्यामुळे तिला चूक दाखवता येईना. "आयुष्यात पहिल्यांदा मला एका बेसुऱ्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं," ती सांगायची. "मग काय, सवयच झाली."

त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. दवाखान्यातून निवृत्त झालेलं सगळं सामान तिथं नोकरीला लागलं होतं. एक्स-रे बघायची जुनी उजेडाची पेटी होती. तिच्यावर हस्तलिखितांचे फोटो ठेवले की पुसट शाई वर यायची. तोंडात बघायचा वाकडा दिवा टेबलाला जोडला होता. पेन्सिली ठेवायला कवळीचा डबा. त्या खोलीत ती आणि म्हातारा. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. "असं का केलंस रे? इथं तर तुला खाली यायचं होतं." काका दारातून डोकावून म्हणायचे, "मी येऊ का खाली? की हे सासऱ्यांशी चाललंय?"

म्हाताऱ्याचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे निरोपाचं संगीत. एका लहानशा राजाची राणी वारली, तेव्हा त्यानं ते गायक आणि तंतुवाद्यांसाठी लिहिलं होतं. मावशीनं हे शुद्ध करून छापायला घेतलं. सगळं मिळालं. गायकांचे कागद मिळाले, व्हायोलिनचे मिळाले, खर्जाचे मिळाले. फक्त शेवटच्या भागातलं व्हायोलाचं एक पान कसरीनं खाऊन जाळी केली होती.

"बघ," मावशी मला म्हणाली, "किड्यालासुद्धा कळतं, हे खाल्लं तर कुणाच्या लक्षात येणार नाही."

प्रोफेसरांनी तिथं सोपा उपाय केला होता. खर्जवाले जे वाजवतात तेच व्हायोलांनी वाजवावं. मावशीला ते पटेना. तिनं म्हाताऱ्यानं आयुष्यभरात व्हायोलासाठी लिहिलेली ओळन् ओळ पाठ केली, मग हरवलेल्या जागी नवी सुरावट लिहायला बसली. त्या एका पानाला तिनं जेवढा काळ घेतला तेवढ्यात काकांनी दवाखान्याची जागा बदलली, पाटी रंगवली आणि ती पाटी पुसटही झाली.

सुरावट लिहिताना कागदावर उभ्या रेघा मारून कप्पे पाडतात. वादक त्या कप्प्याला बार म्हणतात. मावशीनं असे सतरा बार लिहिले. आईनं ही बातमी फोनवर मामांना दिली, "अरे, ताईनं एकटीनं सतरा बार भरले!" मामा हळूच म्हणाले, "भाऊजींना माहीत आहे का?"

पुस्तक निघालं. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मावशीनं मोठ्या थाटात लिहिलं होतं: "या पानांत माझं काही नाही. मी फक्त धूळ पुसली आहे." आणि अगदी मागे टिपांमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत, हेही प्रामाणिकपणे छापलं होतं, की शेवटच्या भागातले व्हायोलाचे सतरा बार मूळ पान नष्ट झाल्यामुळे संपादिकेनं भरले आहेत. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य सगळ्यांनी वाचलं. टिपा कुणीच वाचल्या नाहीत. माझी गोष्ट विचाराल तर मला पुस्तक सही करून भेट मिळालं होतं, आणि मी ते आदरानं फडताळात ठेवलं होतं.

मग एका दुपारी मावशीचा मला ऑफिसात फोन आला.

"तुला कोर्टात कधी वेळ आहे? मला एकाला खेचायचंय."

मी भाडेकरू आणि घरमालक यांची भांडणं लढवणारी वकील. मला वाटलं, काकांच्या दवाखान्याच्या जागेचं काहीतरी असेल. संध्याकाळी गेले तर टेबलावर एक ध्वनिमुद्रणाची तबकडी, आणि मावशी तिच्याकडे झुरळाकडे बघावं तशी बघतेय.

निरोपाच्या संगीताचं नवं ध्वनिमुद्रण निघालं होतं. वेष्टनावर संचालकांचा अर्धं पान फोटो. हे गृहस्थ बारा महिने तेरा काळ मखमली कोट घालायचे, म्हणून वादकांनी त्यांचं नाव मखमल ठेवलं होतं. मखमलरावांनी मावशीचं पुस्तक विद्यालयातून तालमीसाठी म्हणून नेलं होतं, आणि परवानगीचं अवाक्षर न काढता त्यावरून सगळं वाजवून घेतलं होतं. वेष्टनावर लिहिलं होतं, 'मूळ हस्तलिखितांवरून'.

"मागची बाजू वाच," मावशी म्हणाली.

मी वाचलं. गायकांची नावं होती. ध्वनिमुद्रकाचं होतं. सभागृहाच्या व्यवस्थापकाचं होतं. फोटोग्राफरचं होतं. आणि खाली, केशरचना अमुक अमुक.

"केस कापणाऱ्याचं नाव आहे!" मावशी कडाडली. "आणि माझं नाही! अगं, त्या मखमलच्या डोक्यावर मोजून चार केस! चार केसांना नाव आणि माझ्या तीस वर्षांना नाही?"

मी तबकडी काढणाऱ्या कंपनीला रीतसर नोटीस पाठवली. उत्तर आलं ते मी दोनदा वाचलं. त्यांचं म्हणणं असं: संगीतकार केव्हाच वारलेला, त्यामुळे त्याच्या स्वरांवर कुणाचा कॉपीराइट नाही, ते सगळ्या जगाचे. आता बाईंचं म्हणाल तर त्यांनी स्वतःच छापलंय, या पानांत माझं काही नाही. मग जे त्यांचं नाही त्यावर हक्क कसला? आणि त्यांचं काही असेल, तर ते पुस्तक खोटं.

म्हणजे पंचाईत अशी, की मावशीनं काम जितकं चोख केलं, तितकं ते तिचं नव्हतं. चार मुरक्या घातल्या असत्या तर त्या तिच्या झाल्या असत्या. प्रोफेसरांनी सगळी घाण केली, पण ती घाण मात्र कायद्यानं त्यांची होती.

तेव्हा मी पहिल्यांदा फडताळातलं पुस्तक काढलं आणि शेवटपासून वाचलं. सतरा बारांची टीप दिसली आणि मी खुर्चीतून उडालेच. मूळ पान जगात कुठंच नाही. तरी ध्वनिमुद्रणात ती सुरावट आहे. म्हणजे 'मूळ हस्तलिखितांवरून' ही थाप, आणि चोरीचा मुद्देमाल तिथंच वाजतोय. मी धावत मावशीकडे गेले.

"मावशी, जिंकलो! तुला कोर्टात एवढंच म्हणायचंय, हे सतरा बार मी रचले."

"मी नाही रचले."

"मग कुणी रचले?"

"त्यानंच. तो विसरला होता, मी आठवण करून दिली."

"मावशी, त्याला जाऊन अडीचशे वर्षं झाली!"

"म्हणून तर आठवण करून द्यावी लागली."

मी कपाळाला हात लावला. काका शेजारी बसून कवळी घासत होते. ते म्हणाले, "हे बघ, मी खोटा दात बसवतो तो शेजारच्या दाताहून वेगळा ओळखू आला नाही, तरच माझं काम चांगलं. पण म्हणून तो दात देवानं दिला असं मी पेशंटला सांगत नाही."

"तुमचं वेगळं आहे," मावशी म्हणाली. आवाज मात्र पडला होता. "मी रचले म्हटलं की उद्यापासून लोक माझ्या प्रत्येक स्वराकडे संशयानं बघतील. म्हणतील, बाईनं म्हाताऱ्याच्या तोंडी आपलं घातलं. खोडरबर म्हणवून घेतलं मी आयुष्यभर. आता पेन्सिल म्हणायचं?"

तिला ते नाव माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

सुनावणी एका लहानशा कोर्टात झाली. खोलीत एकच पंखा, आणि कोपऱ्यात थंड पाण्याचं यंत्र, ते मधूनच पोट बिघडल्यासारखं गुरगुरायचं. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, कडक. सुरुवातीलाच म्हणाल्या, "लहानपणी मला आईच्या हट्टापायी पियानो शिकावा लागला होता. त्याचा राग मी या दाव्यावर काढणार नाही, दोन्ही पक्षांनी निर्धास्त असावं."

कंपनीचा वकील येण्याआधी त्याच्या अत्तराचा वास येत असे. आम्ही त्याला अत्तरच म्हणायचो. त्यानं मावशीला उभं केलं.

"बाई, ही प्रस्तावना आपली?"

"माझीच."

"पहिली ओळ जरा वाचून दाखवता?"

मावशीनं चष्मा लावला आणि चांगल्या खणखणीत आवाजात वाचलं. "या पानांत माझं काही नाही. मी फक्त धूळ पुसली आहे."

"वा! आता मला सांगा, धूळ पुसणाऱ्याला घराची मालकी मिळते का?"

"मालकी कोण मागतंय?" मावशी म्हणाली. "पण घर कुणी झाडलं असं पाहुण्यानं विचारलं, तर केस कापणाऱ्याचं नाव सांगू नये."

मागच्या बाकांवर विद्यालयातली मंडळी बसली होती, ती फिदीफिदी हसली. न्यायाधीशबाईंनी पेन आपटलं. अत्तर मात्र कसलेला. "म्हणजे आपण जे केलंत ते काढण्याचं काम. घालण्याचं नाही. नुसतं काढल्याबद्दल कुणाला काही मिळतं का जगात?"

"मिळतं की!" मागून काकांचा आवाज. "मी चाळीस वर्षं दातच काढतोय. अजून एकही पेशंट म्हणाला नाही, डॉक्टर, तुम्ही घातलं काय, मग फी कसली?"

न्यायाधीशबाईंनी काकांना बाहेर काढण्याची तंबी दिली. पण त्या वेळी त्यांनी आपला गाल जिभेनं आतून चाचपलेला मी पाहिला.

मग मखमलराव साक्षीला आले. पंखा एकच आणि अंगात जांभळी मखमल, तरी ऐट कायम. मी साधेपणानं विचारलं, "आपण मूळ हस्तलिखितांवरून वाजवलंत?"

"अर्थात. मूळ झऱ्याचं पाणी पिणारा माणूस आहे मी."

"शेवटच्या भागात गायक थांबतात आणि व्हायोला एकट्या वर चढतात, ती जागा आठवते?"

"आठवते?" ते न्यायाधीशबाईंकडे वळले, जणू त्याच श्रोते. "मॅडम, ती जागा म्हणजे या कामाचा प्राण! तिथं मला म्हाताऱ्याचा हात दिसला. साक्षात. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजच्या जगात असा एक माणूस नाही जो ते सतरा बार लिहू शकेल."

मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. एवढ्यात माझा काळा गाऊन कुणीतरी ओढला. मावशी. तिचा चेहरा नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीसारखा लाल झाला होता.

"नवव्या बारातला तो सूर लांबतो ना, त्याबद्दल विचार," ती कुजबुजली.

"मावशी, आपलं काम झालंय!"

"तुझं झालं असेल. माझं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी व्हायोलाबद्दल बोलतंय. विचार म्हणते ना!"

मी निमूटपणे नवव्या बाराबद्दल विचारलं. मखमलराव त्यावर इतकं सुंदर बोलले की मागच्या बाकावर एक बाई डोळे पुसू लागली. गाऊन पुन्हा ओढला गेला. "आता शेवटच्या दोन बारांबद्दल." मी विचारलं. ते म्हणाले, इथं म्हातारा मरणाला क्षमा करतो. मावशीनं डोळे मिटून मान डोलावली, कुणीतरी दुसऱ्याच बाईची स्तुती करत असावं तशी. अत्तरसुद्धा खुशीत होता. त्याला वाटत होतं, मी त्याचीच बाजू भक्कम करतेय. आम्ही दोघींनी मखमलरावांना हरभऱ्याच्या झाडावर इतकं चढवलं की मलाच खाली बघून भीती वाटायला लागली.

शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वकीलबाई, ही संगीतसभा आहे की उलटतपासणी?"

मग मी निळं पुस्तक मखमलरावांच्या हातात दिलं आणि मागच्या टिपांवर बोट ठेवलं. "एवढं मोठ्यानं वाचाल?"

अक्षर बारीक. त्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, आणि वाचायला लागले. "शेवटचा भाग, व्हायोला. मूळ पान कसरीने नष्ट. येथील सतरा बार..." 

"येथील सतरा बार?" मी विचारलं.

"...संपादिकेने भरले आहेत."

 कोपऱ्यातलं यंत्र तेवढं गुरगुरलं. मखमलरावांनी मावशीकडे पाहिलं. तिनं त्यांना, बक्षीस समारंभात करतात तसा, मान झुकवून नमस्कार केला.

अत्तरनं झटकन पवित्रा बदलला. "मॅडम, म्हणजे ही सरळ भेसळ झाली! बाईंनी जुन्या मालात आपला माल मिसळला!"

"भेसळ करणारा डब्यावर लिहितो का, यात एवढं माझं आहे म्हणून?" मावशी उभीच राहिली.

"मागच्या पानावर लिहितो. बारीक अक्षरात," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"बारीक अक्षर छापखान्याचं, मॅडम. मी मोठं मागितलं होतं. ते म्हणाले, टिपा कोण वाचतंय."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. "पहिल्या पानावर आपण म्हणता, माझं काही नाही. शेवटच्या पानावर म्हणता, सतरा बार माझे. दोन्ही खरं असू शकत नाही. कुठलं खरं?"

 मावशी काय बोलेल हे मला ठाऊक होतं. तो विसरला होता, मी आठवण करून दिली. ते एक वाक्य आणि आमचा दावा म्हणजे फुसका बार.

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "पहिलं वाक्य मी नम्रपणानं लिहिलंय, मॅडम. नम्रपणा खरा असतोच असं नाही. सतरा बार मी लिहिले. मीच. आणि ते चांगले झालेत, हे आत्ताच तुमच्यासमोर शपथेवर सांगितलं गेलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचे स्वर त्याचे. पण कुठला त्याचा आणि कुठला प्रोफेसरांचा, हे मी ठरवलंय. तीन जुन्या कागदांवर तीन वेगळे स्वर असले तर त्यातला कुठला छापायचा, हे मी ठरवलंय. त्यात चुकले असेन, तर लोक म्हाताऱ्याला नाव ठेवणार नाहीत, मलाच ठेवतील. चूक माझी म्हणता येते, तर काम माझं का म्हणता येऊ नये?"

न्यायाधीशबाईंनी काही लिहून घेतलं. मी पुढचं भाषण तयार ठेवलं होतं, ते केलंच नाही. माझ्या वकिलीतलं ते सगळ्यांत शहाणपणाचं काम.

निकाल मावशीच्या बाजूनं लागला. म्हाताऱ्याचे स्वर सगळ्यांचे आहेत, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं. ज्याला हवं त्यानं संग्रहालयात जावं, कागद ताडावेत, डोळे फोडून घ्यावेत आणि आपली आवृत्ती काढावी. पण दुसऱ्यानं निवडून, जुळवून, वाजवण्याजोगं करून ठेवलेलं पुस्तक उचलायचं असेल तर विचारावं लागेल आणि नाव द्यावं लागेल. आणि हे फक्त सतरा बारांना नव्हे, सगळ्या पुस्तकाला लागू. कंपनीनं शिल्लक वेष्टनांवर मावशीच्या नावाची चिकटपट्टी लावली. ती घाईघाईत लावल्यामुळे बरोब्बर मखमलरावांच्या कपाळावर बसली.

मावशीला जी भीती होती ती थोडी खरी झाली. एका समीक्षकानं पूर्वी त्या जागेला 'स्वर्गीय' म्हटलं होतं. त्यानं आता लिहिलं, तिथं काहीतरी आधुनिक खटकतंय हे आपल्याला पहिल्यापासून जाणवत होतं. दोन वाद्यवृंदांनी जाहीर केलं की आम्ही फक्त अस्सल वाजवणार, आणि ते पुन्हा प्रोफेसरांच्या मुरक्यांकडे गेले. पहिले काही दिवस मावशी फोन उचलत नव्हती. मागच्या खोलीतली उजेडाची पेटीसुद्धा बंद होती. काकांनी तिला काही समजावलं नाही. ते फक्त रोज संध्याकाळी तिच्या दारात उभे राहून गुणगुणायचे, मुद्दाम ती व्हायोलाची ओळ, आणि अर्थातच चुकीची. चौथ्या का पाचव्या संध्याकाळी आतून ओरडणं ऐकू आलं, "अहो, कोमल आहे तो! कोमल!" आणि पेटी लागली.

त्यानंतरची गंमत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मावशीचे सतरा बार आता कॉपीराइटचे, त्यामुळे परवानगी न मागता निरोपाचं संगीत छापायचं, तर त्या जागी स्वतःचे सतरा बार लिहिणं भाग आलं. तिच्या विद्यालयातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यानं लिहिले. परदेशातल्या एका पंडितानं लिहिले. एका तरुण बाईनंही लिहिले. पानच गेलेल्या म्हाताऱ्याला चारचार व्हायोला मिळाल्या. मावशी प्रत्येक आवृत्ती विकत आणून, दार लावून वाचायची. तरुण बाईची ओळ वाचून ती जरा वेळ गंभीर झाली आणि म्हणाली, "ही पोरगी चांगली आहे." प्रतिस्पर्ध्याची वाचल्यावर मात्र तिनं मला फोन केला.

"त्यानं माझा एकही स्वर चोरलेला नाही."

"बरं झालं ना मग?"

"बरं कसलं! चोरला असता तर बरं झालं असतं."

वर्षभरानं मखमलराव स्वतः घरी आले. त्यांना निरोपाचं संगीत पुन्हा करायचं होतं, मावशीच्याच पुस्तकावरून, तिच्या परवानगीनं, सतरा बारांसकट. त्या दिवशी मी तिथं होते, कागद बघायला. मखमलराव खुर्चीच्या काठावर बसले होते. मावशीनं चहा दिला, अटी वाचल्या, सही केली. तरी ते उठेनात.

"बाई, एक विचारू? आणखी कुठं... तुमचं असं काही आहे का त्यात?"

"टिपा वाचा."

"वाचल्या. दोनदा. त्या सतरा बारांखेरीज काही सापडलं नाही."

"मग नसेल."

मखमलरावांनी सुटकेचा श्वास टाकला, कागद छातीशी धरले आणि दाराकडे निघाले. ते उंबऱ्यावर पोचल्यावर मावशी गोड आवाजात म्हणाली, "तसं सगळंच टिपांत लिहून होतं असं नाही म्हणा."

ते जिन्यानं खाली गेले. पावलं मधेच थांबली. पुन्हा वर आली. दाराशी घुटमळली, आणि घंटी न वाजवताच परत खाली गेली.

"मावशी," मी म्हटलं, "वकील म्हणून विचारते. आहे का काही?"

"अगं, एक स्वर नाही!" ती इतकी हसली की चष्मा मांडीवर पडला. "पण आता तो प्रत्येक तालमीला सगळ्या वाद्यांकडे कान देऊन ऐकेल. व्हायोलांकडेसुद्धा."

मग तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला, एक्स-रेच्या पेटीवरचं पुढचं पान सरळ केलं आणि प्रोफेसरांना एक सणसणीत शिवी हासडून कामाला बसली.